एका फोटोवर भागत नाही

मी एक्स-रे काढायचं काम करते. हात-पाय मुरगळला की आपण म्हणतो, "फोटो काढला, हाड नीट आहे." माझं सांगणं एवढंच, की फोटो किती काढले आणि कसे काढले, तेही बघावं.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. अंगणात घसरून पडलेल्या एक आजी आल्या. मनगट सुजलेलं. त्यांना जास्त दुखू नये म्हणून मी तळहात खाली ठेवून एकच फोटो काढला. हाड सरळ दिसलं, मला हायसं वाटलं. शिकवणाऱ्या बाईंनी फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "बाजूचा कुठंय?" मग करंगळी खाली येईल असा हात कडेवर ठेवला. "आजी, एवढं एक डाव सोसा." दुसऱ्या फोटोत हाडाचं टोक मागे कललेलं स्पष्ट दिसलं. त्या तशाच घरी गेल्या असत्या, तर हाड वाकडंच जुळलं असतं. माझी दया त्यांना महागात पडली असती.

विळा धारेच्या बाजूने डोळ्यांसमोर धरा, सरळ पट्टी दिसते. आडवा धरला की बाक कळतो. हाडाचंही तसंच. म्हणून एक फोटो समोरून आणि एक बाजूने, निदान दोन तरी लागतात. नडगीसारखं लांब हाड असेल, तर वरचा गुडघा आणि खालचा घोटा दोन्ही यायला हवेत.

मनगटाच्या फोटोला आम्ही बाईला टेबलाजवळ बसवतो. खांदा, कोपर, मनगट एका पातळीत आणतो, म्हणजे हात पिळत नाही. "हलू नका" म्हणतो, कारण हललं की हाडाची कड पुसट होते आणि बारीक चीर हरवते.

आता बांगड्या. 1895 साली रॉन्टजेन या शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले आणि आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडांबरोबर तिच्या बोटातली अंगठीही ठळक उमटली. काचेची बांगडीसुद्धा अशीच उमटते आणि नेमकी मोडलेली जागा झाकते. हात मोकळा करायला जिवावर येतं, ठाऊक आहे. पण सूज वाढली की त्याच बांगड्या रुततात. पडल्याबरोबर काढून ठेवा.

फोटो झाल्यावर आम्ही तपासतो: नाव बरोबर आहे का, डावा-उजव्याची खूण आहे का, सांधे आलेत का, कडा स्वच्छ आहेत का. नसेल तर पुन्हा काढतो. त्यावर रागावू नका.

लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी फट दिसते. ती वाढीची जागा असते, मोडलेली नव्हे. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. उलट, अंगठ्याच्या मुळाशी मनगटातलं एक छोटं हाड असतं, त्याची चीर कधी कधी पहिल्या दिवशी दिसतच नाही. दुखणं राहिलं तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो लागतो. तोवर चोळू नका, ओढून बसवू नका.

पाळी चुकली असेल तर फोटोआधी सांगा, लाजू नका. जुने फोटो घडी न घालता जपून ठेवा, पुढच्या खेपेला सोबत आणा. आणि आम्ही हात वळवायला सांगितला, तर दात-ओठ खाऊन का होईना, तेवढा वळवा.