चूल आणि वैल

सोनारीच्या भैरवनाथाला जाऊन आला असाल तर तिथल्या माकडांची ओळख करून द्यायला नको. हातातलं खोबरं त्यांनी कुणाचं सोडलंय! मी त्याच गावची. माकडं पत्र्यावरून धडधडत जायची आणि खाली आजी वाकळ शिवत बसायची. आज रेडिओवर त्या वाकळेविषयी बोलायचंय. आणि वहीविषयीही.

परंड्याच्या बाजूला, भूमच्या बाजूला कितीतरी मुली-सुना भेटतात. हातात टाका सुरेख, आणि गादीखाली एक वही. कुणाच्या वहीत कथा, कुणाच्या वहीत सुरू करून थांबलेली कादंबरी. विचारतात, "ताई, दोन्ही कसं जमवायचं?"

बायांनो, आपल्या चुलीकडे बघा. चुलीला शेजारी वैल असते. वैलीला वेगळं सरपण कुणी घालत नाही. चुलीतली धग तिकडे जाते आणि त्या धगीवर कोरड्यास रटरटत राहतं. भाकरी मात्र चुलीवर. तिच्यासमोर बसावं लागतं, नजर हलली की करपली. तुमची वही ही चूल आहे. वाकळ ही वैल. सरपण चुलीत घाला.

हे मी सोसून सांगते. एका वर्षी शहरातल्या एका दुकानदारानं वाकळी मागवल्या. आधी पाच, मग आणखी, मग "दिवाळीच्या आत द्या". मी पहाटेची वेळही सुईला दिली. वर्षभर वहीत एक ओळ नाही. आणि खरं दुःख पुढंच आहे: वाकळीतलाही जीव गेला. कोपऱ्याला कुठला रंग लावावा हे सुचेना. चूल विझल्यावर वैल किती वेळ गरम राहणार? पैसे मिळाले, ते घराला लागले, त्याचं वाईट नाही. पोटासाठी जी शिवते तिच्यासाठी शिवण हीच चूल, तिला मी हे सांगत नाही. माझं बोलणं त्यांच्याशी आहे ज्यांना लिहायचंय आणि ज्या रोज म्हणतात, "एवढी वाकळ उरकते, मग बसते."

लेखक व्यंकटेश माडगूळकरांचं बघा. आपल्या याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ते ग्रामीण कार्यक्रम सांभाळायचे. १९८३ साली आपल्या शेजारी अंबाजोगाईला साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच. चित्रं काढण्याची त्यांना मनापासून ओढ. रानात हिंडायचे, पाखरं, जनावरं बघायचे, रेखाटायचे. ती रेखाटनं त्यांच्याच पुस्तकांतून छापलेली आहेत. आणि 'सत्तांतर' कशावर आहे? वानरांच्या टोळ्यांवर! सोनारीकरांनी तर ते वाचायलाच हवं. आपण जन्मभर माकडं हाकलली, त्यांनी वानरांकडे टक लावून बघितलं. चित्र काढणाऱ्याला असं बघावंच लागतं, शेपटी कुठून वळते, पिल्लू कुठं धरलंय. तीच नजर पुढं वाक्यात उतरली. चित्रं ही त्यांची वैल. पण नोकरी सांभाळून, रान हिंडून, चित्रं काढून हा माणूस लिहायला बसत होता, म्हणून 'बनगरवाडी' झाली, 'सत्तांतर' झालं. हे बसणं आपण विसरतो.

कुणी म्हणेल, बहिणाबाई कुठं बसल्या होत्या? जात्यावर, शेतात, काम करता करताच गाणी झाली ना? झाली. पण त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ती गाणी टिपून घेणारा सोपानदेवांसारखा मुलगा घरात होता. म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. तुमच्या तोंडचं कोण टिपून घेणार आहे? तुम्ही शाळा शिकलात. तुमचे सोपानदेव तुम्हीच. सुईत दोरा ओवताना वाक्य सुचलं तर दोरा तसाच राहू द्या, आधी ते लिहा. वाकळ कुठं पळून जात नाही.

पुन्हा सांगते, कारण रेडिओ लावून एकीकडे भांडी घासणारी हे ऐकत असेल आणि नेमकं तेवढंच निसटेल. वाकळ सोडू नका. कथा अडली की मी आजही सुई घेते. हात चालतो, डोकं निवतं, आणि टाक्यांची निम्मी ओळ होईतो अडलेलं पात्र बोलायला लागतं. पण सरपण चुलीत. दिवसातली ताजी वेळ, मग ती अर्ध्या तासाची का असेना, वहीची. दुपारची पेंगुळलेली वेळ वाकळेला चालते, तिला राग येत नाही. आणि "किती छान शिवतेस, मला एक दे ना" म्हणणाऱ्या नणंदेला, जावेला, मैत्रिणीला मोकळेपणानं सांगा, "देईन, पण कधी ते विचारू नका." नात्यात एवढं चालतं.

आणखी एक राहिलं. आजीचा धावदोरा दूरवर सारख्या अंतरानं जायचा, पण चौकोन बदलला की टाका थोडा आखूड व्हायचा. लिहितानाही प्रसंग बदलतो तिथं वाक्याचं तसंच काही... पण काचेपलीकडून खूण झाली आहे. ते पुढच्या वेळी. आज रात्री निजण्याआधी वही गादीखालून काढून उशाशी ठेवा, पेनासकट. सुई कोनाड्यात.