दोन सुलट, दोन उलट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने भाषा, संस्कृती, अस्मिता अशा भारदस्त विषयांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. त्या विषयांचे अधिकारी वक्ते या व्यासपीठावरून बोलून गेले आहेत. माझा विषय त्या मानाने घरगुती आहे. लोकरीचे विणकाम, आणि तेही प्रामुख्याने माझ्या आईचे, हा तो विषय होय. परंतु दिल्लीत हयात घालविलेल्या आपल्या कुटुंबांत, जेथे कधीकाळी दोन सुया आणि लोकरीचा गुंडा नव्हता, असे घर क्वचितच सापडेल.

प्रथम या विद्येचे स्वरूप पाहू. आपल्या भाषेत ‘विणणे’ हे एकच क्रियापद मागालाही चालते आणि सुईलाही. वस्तुतः दोन्ही क्रिया भिन्न आहेत. मागावरच्या कापडात ताण्याचे आणि बाण्याचे धागे एकमेकांना छेदून जातात. सुईवरच्या कामात मात्र एकच धागा असतो; त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घेतलेला असतो. म्हणूनच स्वेटर अंगाबरोबर ताणतो, आणि म्हणूनच शेवटचा टाका सोडून धागा ओढला की सारे वस्त्र पुन्हा गुंड्यावर येते. इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. तरीही त्यानंतरची चार शतके घरोघरच्या सुया थांबल्या नाहीत.

माझी आई रत्नागिरी जिल्ह्यातली. लोकर म्हणजे देवपूजेचे आसन, एवढाच तिचा लोकरीशी परिचय. १९६१ च्या डिसेंबरात ती लग्न होऊन दिल्लीच्या सरकारी वसाहतीत आली, ती सुती लुगड्यावर शाल पांघरून. शेजारी एक शीख कुटुंब राहात असे. त्या घरातल्या वृद्ध गृहिणीस सगळे ‘बीजी’ म्हणत. आईला हिंदी येत नव्हते आणि बीजींना मराठीचा गंध नव्हता. दुपारच्या उन्हात खाटेवर बसून, मधे शेंगदाणे ठेवून, या दोघींचा संवाद सुरू झाला तो सुयांच्या द्वारे. परिणामी आमच्या घरातली विणकामाची परिभाषा आजही धेडगुजरी आहे. आई ‘फंदे’ चढविते, ‘टाके’ मोजते आणि ‘सलाई’ हरवली म्हणून आम्हांला रागावते. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक, हा उलटा हिशोबही तिने तेथेच आत्मसात केला.

पुढच्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. हिमालयातल्या जवानांकडे पुरेसे उबदार कपडे नव्हते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९६२ च्या त्या हिवाळ्यात देशभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. विणकाम शिकून जेमतेम वर्ष झालेल्या माझ्या आईने पूर्ण केलेला पहिला स्वेटर असा अनोळखी माणसासाठी होता. तो कोणाच्या अंगावर गेला, हे तिला कधी कळले नाही. वडिलांचा क्रमांक त्यानंतरचा!

एका स्वेटरला श्रम किती लागतात, याचा हिशोब मी एकदा मांडला होता. कारकुनी पेशा अंगात मुरला की असे होते. पाठीला शंभर टाके आणि दीडशे ओळी धरल्या, तर पंधरा हजार टाके होतात. पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या मिळविल्या की संख्या चाळीस हजारांच्या वर जाते. आईला हा आकडा सांगितला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मोजत बसला असतास, तर एकही स्वेटर झाला नसता.”

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही प्रवास सवलतीवर गावी जात असू. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल आम्हांला मुंबईस पोहोचवी आणि तेथून पुढे एस. टी. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. तोवर हाच क्रम होता. मथुरेस सुरू केलेली बाही भुसावळपर्यंत बगलेशी येत असे. रत्नागिरीच्या मे महिन्यात, घामाच्या धारांत, ओटीवर बसून लोकर विणणारी सून पाहून आमची आत्या म्हणे, “वहिनी, हा कोणाला घालायचा? फणसाला?” तरीही दोन सुट्यांनंतर तीच आत्या देवघराच्या दारासाठी क्रोशाचे तोरण कसे करावे, हे विचारू लागली.

प्रवास आणि विणकाम यांचे नाते सर्वत्रच असावे. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) ही इंग्लंडात जन्मलेली आणि अमेरिकेत स्थायिक झालेली, म्हणजे आपल्यासारखीच घरापासून दूर राहिलेली विणकाम-शिक्षिका. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकात बारा महिन्यांची बारा प्रकरणे आहेत. त्यांतल्या जुलैत तिने प्रवासात विणण्याजोगी गोल शाल दिली आहे. मध्यभागी नऊ टाके. मग अठरा, छत्तीस, बहात्तर असे ते दुप्पट होत जातात. दोन वाढींमधले अंतरही दुप्पट होत असल्याने मधल्या ओळी डोळे मिटून विणाव्यात!

घरातल्या मुक्या सभासदांचाही या कलेशी संबंध आहे. आमच्याकडे मनी नावाची मांजर होती. मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र गोजिरवाणे खरे, पण त्यात धोका आहे. मांजरीच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूस वळलेले असतात. धागा एकदा तोंडात गेला की तिला तो सहसा बाहेर टाकता येत नाही आणि पोटात गेलेला धागा आतड्याला कापू शकतो. म्हणून आई गुंडा झाकणाच्या पितळी डब्यात ठेवी. मोती कुत्र्याचा मात्र मान मोठा. उरल्यासुरल्या सात रंगांची झूल घालून तो जानेवारीत वसाहतीत फिरू लागला, की आम्हां भावंडांपेक्षा त्याचाच थाट अधिक दिसे.

आता या भाषणाच्या गाभ्याकडे येतो. २००९ साली वडील गेले. त्यांचा करड्या रंगाचा स्वेटर आईनेच विणलेला. तो आहे तसा जपून ठेवावा, असे माझ्या बहिणीचे म्हणणे पडले. तिने तो डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला. वर्षभराने उघडून पाहतो, तो खांद्यापाशी कसरीने दोन भोके पाडलेली. बहीण रडू लागली. आईने स्वेटर मांडीवर घेतला, कात्रीने शिवण मोकळी केली आणि धागा ओढावयास सुरुवात केली. “आई, अहो, बाबांचा आहे तो!” बहीण म्हणाली. आई म्हणाली, “अगं, म्हणूनच. ट्रंकेत ठेवून कसरीलाच खाऊ घालायचा का?”

तिने त्या धाग्याच्या लड्या केल्या, कोमट पाण्यात धुतल्या आणि वाकडेपणा निघावा म्हणून खाली वजन बांधून वाळविल्या. तुटलेल्या जागी गाठ न मारता टोके एकमेकांत गुंतविली. त्या लोकरीतून माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा स्वेटर झाला. बाह्यांना लोकर कमी पडली, तेव्हा लाल लोकर आणून जोडली. ती मुलगी आज पदवीधर आहे. गेल्या हिवाळ्यात तिने तोच स्वेटर उसवून, स्वतःच्या हाताने, त्याचा मफलर विणला. कडेला काही टाके सुटले आहेत. ऐंशी ओलांडलेल्या आजीने ते दाखविले, पण दुरुस्त करून दिले नाहीत. “तुझे तू उचल” म्हणाली.

बंधुभगिनींनो, आपण घरून जे घेऊन आलो, त्याचेही असेच आहे. भाषा, सण, जेवणाची चव, आईवडिलांच्या सवयी हे सर्व ट्रंकेत जपून ठेवण्याची आपली प्रवृत्ती असते. ती प्रेमापोटीच असते. पण वापरात नसलेल्या वस्तूला कसर लागते. मुलांच्या मापाने ते पुन्हा विणावे लागेल. त्यात परक्या रंगाची लोकर मिसळेल, काही टाके सुटतील. तरी धागा तोच राहील. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे हेच काम केले, अशी माझी समजूत आहे. पुढची पन्नास वर्षे सुया नव्या हातांत द्याव्यात आणि सुटलेले टाके त्यांचे त्यांना उचलू द्यावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.