कारण खरं असलं तरी

लातूर-नांदेडकडे काळजीला कारणांची वाण नाही. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने झोपेतली गावं गाडली गेली. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाऊस लांबला की सोयाबीनची दुबार पेरणी, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी लातुरात खोली करून राहिलेल्या मुलामागे सगळ्या घराचा जीव टांगलेला. म्हणून कुणी ‘जिवाला घोर लागलाय’ म्हटलं की उत्तर मिळतं, घोर कुणाला नाही? या उत्तरात आपुलकी असते, पण आजारी माणसाची वाट तिथेच अडते. कारण खरं आहे की नाही, यावरून चिंताविकार ठरत नाही. डॉक्टर पाहतात ते काळजीची मुदत आणि पकड. साधारण सहा महिने, बहुतेक दिवस, आवरू म्हटलं तरी न आवरणारी काळजी. सोबत उडालेली झोप, आखडलेली मान, थकवा, चिडचिड आणि अडलेली रोजची कामं. अशी काळजी पाऊस पडला तरी ओसरत नाही. ती पिकावरून मुलीच्या लग्नावर जाते, तिथून स्वतःच्या छातीतल्या धडधडीवर. (थायरॉईडच्या बिघाडातही धडधड होते, तेव्हा ती तपासणी करून घ्यावीच.)

कुणी विचारेल, गोळीने कर्ज फिटतं का? फिटत नाही. पाण्याची आणि भावाची मागणी बाजूला सारून लोकांना नुसतं समुपदेशन देणं हा अन्यायच होईल. पण रात्र रात्र जागणाऱ्याच्या हातून पीकविम्याचा अर्जसुद्धा वेळेत भरला जात नाही. मानसोपचारात नेमकं हेच शिकवतात: अर्ज आपल्या हातातला, पाऊस नाही, दोन्ही वेगळे काढा, आणि हातातल्याला लागा. गोळ्यांची सवय लागते, ही भीतीही निराधार नाही. झोपेच्या काही गोळ्या मनाने घेत राहिल्यास सवय लागतेच. चिंताविकारावर दीर्घकाळ दिली जाणारी औषधं मात्र बहुधा वेगळ्या गटातली असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती एकाएकी बंद करायची नसतात.

१२ राज्यांत झालेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारखे विकार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते, असं दिसलं. उपचार आपल्याकडे आहेत. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची विनामूल्य सेवा चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. घरात कुणी ‘जगणं नको’ म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि सकाळ होण्याची वाट न पाहता फोन लावा.