गवतावरून उड्डाण

रेडिओ कंट्रोलवरचं छोटं विमान आकाशात गिरक्या घेताना पाहिलं की वाटतं, सगळं कसब वरच आहे. पण खरी परीक्षा खाली, गवतात होते. आपल्याकडे बहुतेक हौशी मंडळींच्या नशिबी डांबरी धावपट्टी नसते. असतो तो गावाबाहेरचा माळ. तिथे प्रत्येक काडी चाकाला मागे ओढते. चाक अडलं की शेपटी उचलते, नाक मातीत जातं आणि प्रोपेलर मोडतो.

माझ्या भाच्याने तीन महिने खपून बाल्सा लाकडाचं विमान बांधलं. ऑक्टोबरात ते घेऊन आम्ही माळावर गेलो. पाऊस नुकताच सरलेला, कुसळं पायमोज्यांत घुसत होती. ‘‘मामू, आधी जमीन बघू,’’ तो म्हणाला. आम्ही चालत गेलो. दगड उचलले, खड्डे टाळून वाट ठरवली. उन्हाळ्यात जाणाऱ्याने टिटवीची अंडीही पाहावीत. ती उघड्या जमिनीवरच असतात आणि मातीच्या रंगात मिसळून जातात.

मग वारा. चिमूटभर गवत उडवून पाहिलं आणि विमानाचं तोंड वाऱ्याकडे केलं. ताशी 10 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर विमान उभं असतानाच पंखांवरून तेवढ्या वेगाने हवा वाहत असते. तेवढी धाव वाचते.

त्याच्या विमानाला पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक लहान. अशा विमानात सुरुवातीला शेपटीवरचा एलिव्हेटर वर उचलून धरायचा. प्रोपेलरचा झोत शेपटीला खाली दाबून ठेवतो आणि नाक आपटत नाही. इंजिनाचा जोर हळूहळू वाढवायचा. एकदम वाढवला की विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून उजवा रडर तयार ठेवायचा. वेग आला की एलिव्हेटर सैल सोडायचा. इथेच हात शिवशिवतात. विमान गवतावर उड्या मारू लागतं आणि ओढून वर घ्यावंसं वाटतं. वेगाआधी ओढलं तर पंखांची उचल सुटते, एक पंख खाली पडतो आणि तीन महिन्यांचं लाकूड काटक्या होऊन हाती येतं. भाच्याने ओढलं नाही. चाकं गवताच्या शेंड्यांवरून घासत गेली आणि मग तो घासण्याचा आवाज बंद झाला. मी श्वास सोडला. कवितेत ‘उड्डाण’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. इथे एकेका फुटाची किंमत कळते.

वर गेल्यावरही लगेच वळायचं नाही. थोडी उंची आणि वेग साठू द्यायचा. आणि घरून निघण्याआधीच, 2021 च्या ड्रोन नियमांनुसार आपला माळ कुठल्या रंगाच्या हवाई पट्ट्यात येतो ते सरकारी नकाशावर पाहायचं. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

गवत घोट्याच्या वर वाढलेलं असेल, तर मात्र चाकांचा हट्ट धरू नये. हलकं विमान असेल तर ते हातानेच सोडावं, वाऱ्याच्या तोंडी, सरळ समोर. आभाळाकडे फेकू नये.