गार पाण्यातलं जहाज, कोमट पाण्यातलं जहाज

मंडळी, पनवेलच्या या मे महिन्यात अंगाची काहिली होत असताना मी थंड पाण्याविषयी बोलायचं, हे संयोजकांनी मुद्दाम जुळवून आणलेलं दिसतं!

स्वीडनचं ‘वासा’ हे लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच फेरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच, वाऱ्याने कलंडलं आणि ३२ मीटर खोल गेलं. १९६१ साली ते वर काढलं, तेव्हा लाकडी सांगाडा जवळजवळ अख्खा होता. पण त्याआधी पाणबुड्यांनी काय केलं होतं पाहा. जहाजाच्या पोटाखालून, चिखलातून, त्यांनी सहा बोगदे खणले. वर शेकडो टनांचं धूड, भोवती मिट्ट काळोख आणि हाडं गोठवणारं पाणी. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसेक पटींनी लवकर ओढून घेतं. तिथे डोळे काय कामाचे? बोटांनी चाचपायचं, आणि तीही बधिर झालेली.

थंडीमुळे जहाज टिकलं, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं. बाल्टिक समुद्र अळणी आहे, म्हणून तिथे लाकूड पोखरणारा टेरेडो फारसा जगत नाही. हा प्राणी दिसतो अळीसारखा, असतो मात्र शिंपल्याच्या कुळातला. वरून फळी शाबूत, आतून चाळण! आपल्या कोळीवाड्यांतल्या जुन्या माणसांना हे मी सांगायला नको. लाकडी होडी वर ओढून तळ खरवडायचा, तेल-डांबर चोपडायचं, हा खटाटोप उगाच नव्हता.

आता गोव्यात या. झुवारीच्या मुखाबाहेर सुंची नावाचा खडक आहे. तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पोर्तुगीज जहाज फुटलं. पणजीजवळच्या दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी त्या जागेचा शोध घेतला. खोली जेमतेम काही मीटर, पाणी कोमट; वासापुढे हा पोरखेळच वाटेल. पण उथळ पाण्यात लाट माणसाला खडकावर आपटते, आणि पावसाळ्यात तर उतरायची सोयच नाही.

त्यांना मिळालं काय? तोफा, नांगर, चिनी मातीची भांडी, मार्तबानी रांजणांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. म्हणजे आफ्रिकेचा माल आणि चीनचा माल एकाच खडकावर. मला तर वासाच्या कोरीव डौलापेक्षा हा पाणघोड्याचा दातच जास्त बोलका वाटतो. सुंचीचं जहाज कीड आणि लाटांच्या पोटात गेलं. त्यात कुठून कुठून आलेला माल होता, हे मात्र कळलं.

मघाशी एका गृहस्थांनी विचारलं, आपल्या खाडीत काही असेल का? गाळात खोल रुतलेल्या लाकडाला प्राणवायू पोचत नाही, तिथे टेरेडोही जगत नाही. तेव्हा पनवेलच्या खाडीत एखादं जुनं गलबत रुतलं असेलच, तर चिखलाबाहेरचा भाग गेला असेल आणि आतला राहिला असेल. फक्त त्या गढूळ पाण्यात उतरणाऱ्याला स्टॉकहोमच्या पाणबुड्यांसारखंच बोटांनी पाहावं लागेल. बोटं बधिर होणार नाहीत, एवढाच फरक.