मनाच्या आजारावरची गोळी आणि घरच्यांची नजर



तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तलाव, नागझिऱ्याचे जंगल आणि धानाच्या बांध्या. अशा गावातल्या एखाद्या माणसाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, ऐन रोवणीच्या दिवसांतही बांधीवर जावेसे वाटत नाही. घरचे आधी देवाधर्माचे करून पाहतात. मग कुणी जाणता सांगतो, आणि त्याला गोंदियाला नाहीतर नागपूरला डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात, महिन्याने या म्हणतात. गोळ्या घेऊन मंडळी संध्याकाळच्या बसने परत येतात. आता प्रश्न असा, की पुढचा महिनाभर त्या माणसाकडे पाहायचे कुणी? डॉक्टर तर दूर राहिले. याच प्रश्नावर आज मला चार शब्द बोलायचे आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नैराश्यावरच्या गोळ्या वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. या गोळ्यांनी कितीतरी माणसे पुन्हा कामाधंद्याला लागली आहेत. पण जे औषध गुण देते ते कधी अवगुणही दाखवते. तो वेळेवर ओळखता आला पाहिजे. न ओळखल्यामुळे काय होऊ शकते, हे समजण्यासाठी सातासमुद्रांपलीकडची एक हकीकत सांगतो. गाव आपले नसले तरी घर आपल्यासारखेच आहे.

अमेरिकेत मिनिआपोलिस या शहरात टिम विट्झॅक नावाचा गृहस्थ राहत होता. लोक त्याला वुडी म्हणत. वय ३७, प्रकृती धट्टीकट्टी, मनाच्या आजाराचा पूर्वी कधी त्रास नाही. २००३ साली त्याने नवे काम अंगावर घेतले आणि त्याची झोप बिघडली. झोप येत नाही म्हणून तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध दिले. पहिले काही आठवडे त्याची पत्नी किम कामानिमित्त परगावी होती. इकडे वुडीला बेचैनी सुरू झाली, रात्री घाम येऊ लागला, एका जागी बसवेना. आपले डोके अंगापासून वेगळे झाले आहे, असे काहीतरी वाटते म्हणून तो सांगू लागला. हे औषधामुळे असू शकेल, ही शंका कुणालाच आली नाही. त्यांना कुणी तसे सांगितलेच नव्हते. औषध सुरू केल्यापासून पाच आठवड्यांच्या आत, ऑगस्ट २००३ मध्ये, वुडीने आपले आयुष्य संपवले.

आता एका माणसाच्या बाबतीत औषध हेच कारण होते, असे नाडी धरून कुणालाही सिद्ध करता येणार नाही. पण किमने एक साधा प्रश्न धरून ठेवला: आम्हाला आधी सांगितले का नाही? कशावर लक्ष ठेवायचे हे माहीत असते, तर आम्ही ठेवले नसते का? हा प्रश्न घेऊन ती अमेरिकेच्या औषध खात्यापुढे उभी राहिली. पुढे त्याच खात्याच्या एका सल्लागार समितीवर ग्राहकांची प्रतिनिधी म्हणून तिने काम केले.

अशी दुःखे घेऊन आलेली कुटुंबे आणखीही होती. त्या खात्याने जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा तपासले. मुलांवरच्या २४ चाचण्यांत असे दिसले, की नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या शंभरात दोघांच्या, तर खरे औषध घेणाऱ्या शंभरात चौघांच्या मनात जीव देण्याचे विचार आले किंवा वागण्यात तसे काही दिसले. त्या चाचण्यांत कुणाचा मृत्यू झाला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. २००४ साली या औषधांवर काळ्या चौकटीत इशारा छापण्याचा हुकूम निघाला. २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. त्याहून मोठ्या वयात असा वाढीव धोका आकड्यांत दिसला नाही. ६५ च्या पुढे तर तो कमीच दिसला. तरीही औषध सुरू करताना रोगी कोणत्याही वयाचा असो, त्याच्यावर नीट लक्ष ठेवा, असे त्या इशाऱ्यात सांगितले आहे.

लक्ष ठेवण्याचे महत्त्व या औषधांच्या जन्मकथेतच आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देत होते. खाटेला खिळलेले रोगी हसू-बोलू लागले, उत्साहाने हिंडू लागले. पाहणाऱ्यांच्या ते ध्यानात आले, आणि त्यातून नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक हाती लागले. औषधाचा गुण जसा पाहून कळला, तसा अवगुणही पाहूनच कळतो.

मग पाहायचे काय? पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत फरक हे त्रास होतात. बहुधा ते आपोआप ओसरतात. मनाला उभारी यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. हाच काळ सांभाळण्याचा. माणूस येरझारा घालू लागला, आतून कुणी ढकलते आहे असे म्हणू लागला, एकाएकी चिडू लागला, झोप अजिबात गेली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला नाटक म्हणू नका. उलट, एकदम फार उल्हास, अखंड बडबड आणि वारेमाप खर्च सुरू झाला, तर तेही डॉक्टरांना कळवा. गोळीची मात्रा वाढवली किंवा कमी केली, तरी पुन्हा तितकेच लक्ष ठेवा.

या काळात माणसाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. दिवसातून एकदा जवळ बसून सरळ विचारावे, "मनात काही वाईट विचार येतात का?" विचारल्याने विचार येतात, ही समजूत खोटी आहे. उलट सांगून माणसाचे ओझे हलके होते.

आणखी एक मोठी चूक टाळा. त्रास झाला म्हणून किंवा बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. तसे केल्यास चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, चिडचिड वाढते. मात्रा हळूहळू उतरवायची असते आणि ती डॉक्टरांच्याच सांगण्याने. तोच त्रास दुसऱ्याला आहे म्हणून आपली गोळी त्याला देऊ नका. दुकानातूनही चिठ्ठीवाचून घेऊ नका. दुखण्यावरच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही गोळ्या चालू असतील, तर त्या दाखवा. आणि डॉक्टरांच्या समोरून उठण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारा: "काय झाले तर घाबरायचे? आणि तेव्हा कुणाला फोन करायचा?"

गुरुजनांना एक विनंती. इशारा मुख्यतः मुलांसाठी आणि तरुणांसाठी आहे, आणि ती मुले दिवसातले पाच-सहा तास आपल्यापुढे असतात. एखाद्याचे वागणे बदलले, तर चारचौघांत न बोलता त्याच्या आईवडिलांच्या कानावर घाला. गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवा.

रात्री-अपरात्री अडचण आली, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ध्यानात ठेवा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन केव्हाही करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम कळवायचा असेल, तर १८००-१८०-३०२४ हा क्रमांक आहे. रोगी आणि घरचेही तेथे कळवू शकतात. जीव धोक्यात दिसला, तर मात्र फोनवर थांबू नका. १०८ ला बोलावून रुग्णालय गाठा.

श्रोतेहो, किमच्या घरात औषध आले, पण त्याची माहिती आली नाही. आपल्या घरात दोन्ही एकदमच यावीत. शहरातला डॉक्टर महिन्याने एकदा पाहतो. आई, बायको, भाऊ रोज पाहतात. त्यांना काय पाहायचे ते ठाऊक असले, तर गोळी आपले काम करील आणि माणूसही आपल्यात राहील.