बल आणि वार्धक्य

बंगळूरचे बनशंकरी हे उपनगर जिचे नाव मिरवते, त्या देवीचे मूळ स्थान बदामी. शाकंभरी म्हणून ती अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता आहे. शाकंभरी अन्न देते. पण त्या अन्नाचे बळ होण्यास श्रमाची जोड लागते. याच बंगळुरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात के. व्ही. अय्यर यांनी व्यायामशाळा चालवून तरुणांची शरीरे घडविली. तथापि व्यायाम हा केवळ तारुण्याचा अधिकार नव्हे.

उतारवयात स्नायू झिजतात. खुर्चीवरून उठणे जड जाते, तोल जातो, पडून हाड मोडते. रक्तातील साखर सामावून घेणारे मोठे कोठारही स्नायूंचेच, तेही आटते.

१९९० साली बोस्टनच्या संशोधकांनी सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा अभ्यास ज्या नऊजणांनी पुरा केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. अभ्यास थांबताच मात्र ते ओसरू लागले.

तेव्हा वैद्याचा सल्ला घेऊन, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठण्यापासून आरंभ करावा. पानात डाळ-उसळ असावी आणि अभ्यासात खंड नसावा. वार्धक्य टळत नाही. परावलंबन मात्र पुष्कळ लांबविता येते.